शरीर आपले ऐकत नाही तेव्हा

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट आहे. रामाकोन्याच्या परिसरातील बागांतून आंबिया बहाराची संत्री उतरत होती आणि पेट्यांनी भरलेल्या गाड्या नागपूरच्या दिशेने चालल्या होत्या. शाळा सुटून तास उलटला होता. आम्ही कार्यालयात एकटेच महिनाअखेरची पत्रके तपासत बसलो होतो, तोच दाराशी कुणीतरी घुटमळत असल्याचे जाणवले. मान वर करून पाहतो तो आमचाच एक जुना विद्यार्थी. वय चोवीस-पंचवीस, अंगाने सडसडीत, घरची बाग सांभाळणारा, कामसू म्हणून गावात नाव असलेला. 'आत ये' असे दोनदा सांगावे लागले, तेव्हा तो आत आला. खुर्चीवर बसला आणि खिशातला रुमाल काढून त्याने दोन्ही हातांत घट्ट धरला. त्या थंडीतही रुमाल ओला होता.

बराच वेळ तो पिकापाण्याचे बोलला. मग एकाएकी म्हणाला, "सर, माह्या अंगात आता काई राह्यलं नाई."

पुढे त्याने जे सांगितले ते, त्याच्या संमतीने आणि ओळख पटेल असा तपशील गाळून, येथे मांडत आहोत. चारचौघांत गेले की त्याच्या तळहातांना घाम सुटे, चेहरा लाल होई, आवाज फाटे. नोकरीच्या एका मुलाखतीसाठी तो गेला आणि फाटकापासूनच परत फिरला. घरच्यांनी मुलगी पाहायला नेले, तेव्हा हातातला कप बशीवर असा खडखडू लागला की मुलीच्या मामांनी 'जावईबापूंना थंडी वाजते वाटतं' असा विनोद केला. सगळे हसले. त्यानंतर आलेले स्थळ त्याने काहीतरी निमित्त काढून टाळले. आणि मग या साऱ्याचे 'कारण' त्याला सापडले. अधूनमधून रात्री झोपेत जे होते, जे तो कुणापाशी बोलला नव्हता, त्यानेच आपली सारी शक्ती नाहीशी झाली, अशी त्याची खात्री पटली. भिंतीवरची जाहिरात वाचून तो एका शहरातल्या 'दवाखान्यात' गेला. तेथल्या गृहस्थांनी त्याची नाडीदेखील पाहिली नाही. ओले तळहात पाहिले, मान हलवली, आणि 'फार उशीर केलास' असे म्हणून पुड्या बांधून दिल्या. संत्र्याच्या पैशांतून तीन हप्त्यांत अकरा हजार रुपये गेले. पुड्या संपल्या. घाम होता तेथेच होता, भीती मात्र दुप्पट झाली.

हे ऐकताना आम्ही गप्प बसलो. वाचकांना वाटेल, विषय नाजूक म्हणून गप्प बसलो. तसे नव्हते. आमच्या स्वतःच्या तरुणपणाचे एक पान समोर कुणीतरी मोठ्याने वाचत आहे, असे आम्हांला वाटत होते.

हा विषय घरातल्या सर्वांच्या हाती जाणाऱ्या मासिकात कशाला, अशी शंका काही वडीलधाऱ्यांच्या मनात येईल. आमचे उत्तर एवढेच की, हा विषय कुणाच्याही घरात बोलला जात नाही म्हणूनच तो मुलगा त्या दवाखान्याच्या पायऱ्या चढला. आणि इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, जबलपूर, रायपूर, कोठल्याही मराठी घरात आज असा एखादा तरुण रुमाल मुठीत धरून बसलेला नसेल, असे छातीठोकपणे कोण सांगू शकेल?

आठ जुनी नावे

आमचा विषय मराठी साहित्य. वैद्यकशास्त्राचा अधिकार आम्हांला नाही. परंतु त्या संध्याकाळी आम्हांला प्रथम जे आठवले ते वर्गात शिकवलेलेच होते. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. म्हणजे जागच्या जागी थिजणे, घाम फुटणे, अंगावर काटा येणे, आवाज फुटेनासा होणे, कापरे भरणे, चेहऱ्याचा रंग पालटणे, डोळ्यांत पाणी येणे आणि शुद्ध हरपणे. आमच्या विद्यार्थ्याने सांगितलेल्या तक्रारींपैकी निम्म्या या यादीत जशाच्या तशा आहेत. मन हलले की शरीर आपोआप जे बोलते, त्याला आपल्या पूर्वजांनी रोग म्हटले नाही, दुर्गुण म्हटले नाही, 'सात्त्विक' म्हटले. संतवाङ्मयात तर हे अष्टसात्त्विक भाव भक्ताच्या अंगी उमटणे ही धन्यतेची खूण ठरली.

आणखी एक उदाहरण तर घराघरांत पाठ आहे. कुरुक्षेत्रावर दोन्ही सैन्यांच्या मध्ये रथ उभा राहतो आणि त्या काळचा सर्वश्रेष्ठ धनुर्धर आपल्या सारथ्याला सांगतो की, माझी गात्रे गळून गेली आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, अंग कापते आहे, रोमांच उभे राहिले आहेत, हातातून गांडीव निसटते आहे, त्वचेचा दाह होतो आहे, मला उभे राहवत नाही. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायातील हे वर्णन आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण त्यातील एक गोष्ट त्या संध्याकाळपर्यंत आमच्या ध्यानात आली नव्हती. अर्जुनाने काहीही लपवले नाही. एकेक लक्षण मोजून त्याने आपल्या मित्राला सांगितले. श्रीकृष्णाने प्रथम त्याची कानउघाडणी केली, पौरुषाची आठवण करून दिली, हे खरे. परंतु तेवढ्याने काम भागले नाही. पुढे सतरा अध्याय समजावून सांगावे लागले. घरातल्या तरुण मुलाला 'मर्दासारखा वाग' असे एका वाक्यात सुनावून मोकळे होणाऱ्या आम्हां वडीलधाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आज्ञेबाहेरचा कारभार

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. आपल्या शरीरात दोन प्रकारचा कारभार चालतो. हात उचलावा, पाऊल टाकावे, हे आपल्या आज्ञेने होते. परंतु हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, रक्तवाहिन्यांचे रुंदावणे-आकसणे, घाम, बाहुल्यांचे लहानमोठे होणे, हे सर्व स्वायत्त मज्जासंस्थेकडे सोपवलेले आहे. ती आपल्याला विचारत नाही, आणि विचारत नाही म्हणूनच आपण झोपेतही जिवंत राहतो. तिचे दोन भाग आहेत. अनुकंपी भाग धोक्याच्या वेळी शरीराला पळण्यासाठी वा झुंजण्यासाठी सज्ज करतो. परानुकंपी भाग विश्रांतीच्या वेळी सारे पूर्ववत करतो. अडचण एवढीच की, या पहारेकऱ्याला वाघ आणि मुलीचे मामा यांतला भेद कळत नाही. दहा डोळे आपल्याकडे रोखलेले दिसले की तो घंटा वाजवतो. रक्तात ॲड्रेनलिन उतरते, छाती धडधडते, बोटे थरथरतात.

माणसाच्या त्वचेत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात आणि तळहात-तळपायांवर त्यांची दाटी फार. बाकी अंगाला उकाड्याने घाम येतो. तळहातांना तो मुख्यतः मनाच्या ताणाने येतो. म्हणूनच मार्गशीर्षाच्या थंडीत रुमाल ओला होतो. चेहरा लाल होणे म्हणजे गालांच्या रक्तवाहिन्या क्षणभर रुंदावणे. चार्ल्स डार्विनने १८७२ साली भावनांच्या आविष्कारावर ग्रंथ लिहिला, त्यात लाजेने लाल होण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. माणसाखेरीज अन्य कोणताही प्राणी असा लाजत नाही, असे त्याचे मत होते. दुसऱ्याला आपण कसे दिसतो याची ज्याला पर्वा आहे, तोच लाल होतो. निगरगट्टाच्या गालांना ही अडचण नसते.

ज्यांच्या आवाजाने पुढे देश हलला, त्यांची तरुणपणची गोष्टही येथे सांगण्यासारखी आहे. मोहनदास गांधी लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करीत होते. शाकाहारी मंडळींच्या एका सभेत लिहून आणलेले छोटेसे भाषण वाचायला ते उभे राहिले, तो डोळ्यांपुढे अंधारी आली आणि अंग कापू लागले. एकच पान होते. तेही अखेर दुसऱ्याने वाचले. मुंबईस परतल्यावर लघुवाद न्यायालयात पहिल्या खटल्याच्या उलटतपासणीस ते उभे राहिले. डोके गरगरले, एकही प्रश्न सुचेना, आणि ते खाली बसले. फी परत केली. हे सारे त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवले आहे, आणि त्या संकोचानेच आपल्याला शब्द जपून वापरायला शिकवले, असेही म्हटले आहे.

मग यावर उपाय काय? व्हिएन्नाचे मनोवैद्य व्हिक्टर फ्रँकल यांनी एका तरुण डॉक्टरची हकीकत सांगितली आहे. माणसे भेटली की आपल्याला घाम येणार, या भीतीनेच त्याला घाम येई, आणि घाम आला की भीती वाढे. फ्रँकल यांनी त्याला उलटाच सल्ला दिला : घाम दाबू नकोस, आपण किती घाम गाळू शकतो ते लोकांना मुद्दाम दाखवायचे, असे ठरव. त्या तरुणाने मनाशी म्हटले, आजवर शेरभर घाम गाळला, आता दहा शेर गाळून दाखवतो. चार वर्षांची व्यथा आठवड्याभरात सुटली. यात जादू नाही. घाम घामाने वाढत नव्हता, भीतीने वाढत होता. भीतीचे इंधन काढून घेतले आणि जाळ आपोआप मंदावला. आपण ज्याच्याशी झगडतो ते आज्ञेबाहेरचे आहे, एवढे ओळखले तरी अर्धी लढाई संपते.

जे बोलले जात नाही

येथपर्यंत लिहिणे सोपे होते. आता अवघड भाग.

निरोगी पुरुषाच्या शरीरात शुक्रबीजे अहोरात्र तयार होत असतात. एक बीज पक्व व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. जी बाहेर पडत नाहीत ती शरीर विरघळवून शोषून घेते, आणि कधी झोपेत आपोआप स्राव होतो. एका वेळच्या स्रावाचे प्रमाण चहाच्या एका चमच्याहून सहसा अधिक नसते, आणि त्यातही बहुतांश पाणीच. अमेरिकेत आल्फ्रेड किन्से यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ऐंशी टक्क्यांहून अधिक पुरुषांनी हा अनुभव आयुष्यात कधीतरी आल्याचे सांगितले. कुणाला आठवड्यातून एकदा, कुणाला महिन्यातून एकदा, कुणाला कधीच नाही. तिन्ही प्रकार निरोगीच.

तीच गोष्ट अवेळी येणाऱ्या ताठरपणाची. स्वप्नांची झोप रात्रीतून चार-पाच वेळा, सुमारे दर नव्वद मिनिटांनी येते, आणि त्या वेळी निरोगी पुरुषाचा अवयव ताठ होतो. स्वप्न परीक्षेचे असले तरी. पहाटे जाग येते ती पुष्कळदा अशाच झोपेतून, म्हणून सकाळी ते ध्यानात येते, एवढेच. दिवसादेखील, एसटीच्या धक्क्याने किंवा कपड्याच्या घर्षणाने, मनात काहीही नसताना हे घडू शकते, कारण त्याची एक प्रतिक्षिप्त वाट मेंदूला न विचारता मज्जारज्जूच्या तळातूनच जाते. अशा वेळी भेदरून जाऊ नये, स्वतःला शिव्या देऊ नयेत. पिशवी मांडीवर घ्यावी, श्वास सावकाश सोडावा, खिडकीबाहेरची झाडे मोजावीत. काही मिनिटांत सारे पूर्ववत होते.

मात्र येथे एक रेघ ठळकपणे ओढली पाहिजे. शरीराची प्रतिक्रिया आपल्या हाती नाही. आपले वर्तन संपूर्णपणे आपल्या हाती आहे. पहिलीबद्दल लाज बाळगण्याचे कारण नाही, आणि दुसऱ्याबद्दल 'शरीरच ऐकेना' ही सबब चालणार नाही. हा भेद ज्या तरुणाला कळला, तो स्वतःशीही नीट वागतो आणि दुसऱ्याशीही.

भाषेचा शिक्षक म्हणून आम्हांला एक खंत वाटते. या नैसर्गिक स्रावाला आपण नाव दिले ते 'स्वप्नदोष'. नावातच निकाल लागला! शिंकेला कुणी 'नासिकादोष' म्हणत नाही. 'निद्रास्राव' म्हटले असते तर किती तरुणांची झोप वाचली असती कोण जाणे.

या भीतीचे मूळ जुने आहे. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र अशा सप्तधातूंची परंपरेने मांडणी केली आणि शुक्र हा शेवटचा, सर्वांत मौल्यवान धातू ठरला. त्यातूनच, रक्ताचे चाळीस थेंब आटतात तेव्हा शुक्राचा एक थेंब होतो, हा हिशेब लोकांच्या तोंडी बसला. प्रयोगशाळेत या हिशेबाला कोठेही आधार मिळालेला नाही. ही भीती केवळ आपलीच, असेही नाही. स्वित्झर्लंडच्या तिसो नावाच्या वैद्याने अठराव्या शतकात याच धास्तीवर ग्रंथ लिहून अख्ख्या युरोपला दोन-तीन पिढ्या घाबरवले होते. युरोप त्यातून बाहेर पडला. आपण अजून पडतो आहोत. डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी, ज्यांनी पुढे चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत मानसोपचार विभाग उभारला, १९६० साली या अवस्थेला 'धात सिंड्रोम' हे नाव दिले. थकवा, धडधड, घाम, अशक्तपणा यांचे खापर तरुण धातुक्षयावर फोडतो, आणि मूळ दुखणे असते चिंतेचे, असा त्याचा मथितार्थ. आमच्या विद्यार्थ्याची कथा याहून निराळी कोठे होती?

मराठी माणसाला हे ऐकण्याची संधी तर त्याही आधी मिळाली होती. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे, गणिताचे प्राध्यापक, यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवले. नोकरी गेली, समाजाने टाकले, तरी शरीराविषयी तरुणांनी विचारलेल्या प्रश्नांना ते छापील, सरळ उत्तरे देत राहिले. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. अशा प्रश्नांना ज्ञानाने उत्तर द्यायचे नाही तर कशाने, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. नव्वद वर्षे लोटली. भिंतींवरची ती जाहिरात मात्र कधीच हरली नाही.

आमचे स्वतःचे पान

नागपूर-छिंदवाडा छोटी लाईन २०१५ साली बंद झाली आणि आता तेथे मोठी लाईन आहे. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा याच छोट्या गाडीने नागपूरला जात असू. गाडी इतकी सावकाश चाले की भिंतींवरचे प्रत्येक अक्षर वाचून होई. 'शादी से पहले, शादी के बाद', 'निराश न हों'. शहर जवळ आले की या ओळी सुरू होत. एम.ए.च्या वर्गात सात्त्विक भावांची टिपणे काढणारे आम्ही, खिडकीतून त्या ओळी वाचून मनातल्या मनात आयुष्याचा हिशेब मांडत असू. दोन वर्षे आम्ही थंड दूध प्यालो, पहाटे गार पाण्याने स्नान केले, चटईवर झोपलो, आणि आपण मनुष्य म्हणून नापास झालो आहोत असे समजत राहिलो. दवाखान्यात गेलो नाही ते शहाणपणाने नव्हे. खिशात पैसे नव्हते म्हणून. वडिलांना विचारावे असे कधी वाटले नाही. ते सकाळी देवपूजा करीत, संध्याकाळी ओट्यावर बसत. मधल्या जागेत हा प्रश्न ठेवायला कोठे फटच नव्हती.

याहून मोठी चूक पुढची. आम्ही शिक्षक झालो, मुख्याध्यापक झालो. प्रजननाचा धडा आला की विज्ञानशिक्षक 'घरी वाचून घ्या' म्हणून पुढचा धडा काढत, हे आम्हांला ठाऊक होते. आम्ही कधी हटकले नाही. आमच्यासमोर ओला रुमाल धरून बसलेला तरुण याच न शिकवलेल्या धड्याचा विद्यार्थी होता. अकरा हजार रुपयांचा खड्डा त्याच्या खिशाला पडला, तो खणण्यास आमचाही हात लागलेला होता.

आता काय करावे

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जांब नदीत गोटमार होते. तेथे दगडापुढे छाती करणारे आमच्या भागातले जवान डॉक्टरांच्या टेबलासमोर मात्र एक वाक्य बोलू शकत नाहीत. त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे सांगतो.

तळहाताचा घाम इतका असेल की कागद भिजतो, लिहिता येत नाही, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे त्यावर उपचार आहेत. हात सदाच कापत असतील, वजन उतरत असेल, छाती धडधडत असेल, तर थायरॉइडची तपासणी करावी. लघवीला जळजळ, रक्त, पू किंवा वेदना असेल, तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे. यांपैकी काही नसेल आणि केवळ झोपेतल्या स्रावाची चिंता असेल, तर ती चिंता हेच दुखणे आहे, आणि त्याचे औषध पुडीत नसते. चिंता मनाला सोडतच नसेल, झोप उडाली असेल, जगणे नको वाटत असेल, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही दूरध्वनीसेवा सुरू केली आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की विनामूल्य सल्ला मिळतो, मराठीतूनही.

कामशक्ती वाढवण्याचे दावे करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधी व चमत्कारी उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने बंदी आहे. कायदा सत्तर वर्षांचा झाला, भिंती अजून रंगतातच. भिंत पुसणे आपल्या हाती नसेल. पण ती वाचून आलेल्या मुलाला घरात उत्तर मिळावे, हे आपल्या हाती आहे. आईने, वडिलांनी, मामाने, कुणीही एकाने, एकदा, साध्या शब्दांत सांगावे : हे सर्वांना होते, मलाही झाले, यात पाप नाही आणि रोगही नाही. आणि मुलगी पाहायला आलेल्याच्या हातातला कप खडखडला, तर मामांनी विनोद न करता कप अर्धाच भरावा.

त्या संध्याकाळी आम्ही आमच्या विद्यार्थ्याला आमचे हे पान वाचून दाखवले. थंड दूध, चटई, सारे सांगितले. तो आधी चकित झाला, मग हसला. म्हणाला, "तुमालेही सर?" आम्ही म्हटले, "आम्हांलाही." बहुधा याच दोन शब्दांनी काम केले, पुढचे सारे स्पष्टीकरण त्याने कितपत ऐकले, शंका आहे. आम्ही त्याला एका ओळखीच्या डॉक्टरांकडे नेले. तपासण्या झाल्या, काहीही निघाले नाही. उरलेली रिकामी पाकिटे त्याने आमच्याच कचऱ्याच्या टोपलीत टाकली.

वैशाखात तो पुन्हा एकदा मुलगी पाहायला गेला. चहा आला तेव्हा त्याने आपण होऊन सांगितले की, माझे हात कापतात, कप टेबलावरच ठेवा. मुलगी म्हणाली, मघापासून माझाही ट्रे कापतो आहे. ते स्थळ जमले नाही. त्यांना नोकरीवाला मुलगा हवा होता. हे सांगायला तो शाळेत आला, तेव्हा घाम त्याच्या हातांना होताच. पण रुमाल खिशात होता.

या वर्षी आमच्या शाळेत प्रजननाचा धडा शिकवला गेला. विज्ञानशिक्षकांना धीर यावा म्हणून आम्ही वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो होतो. फळ्यावर आकृती निघाली, मुले खाली मान घालून वहीत उतरवू लागली. आमचे तळहात ओले झाले होते. आम्ही ते पुसले नाहीत.